सातारचा वकील लंडनमध्ये : लहान राज्याची मुत्सद्देगिरी आपण कशी वाचली?



पत्रिकेत विषय छापलाय 'लहान राष्ट्रे आणि आंतरराष्ट्रीय राजकारण'. असा विषय म्हटला की स्वित्झर्लंड, नॉर्वे, सिंगापूर ही नावं डोळ्यांपुढे येतात. तिकडे आपण थोडे जाऊच, पण सुरुवात घरातून करू. लहान राज्य, समोर साम्राज्य, हातात एक तहनामा, आणि दाद मागायला साम्राज्याच्याच राजधानीत पाठवलेला वकील, हे सगळं आपल्याकडे एकदा घडून गेलं आहे. राज्य सातारचं, राजे प्रतापसिंह छत्रपती, वकील रंगो बापूजी गुप्ते. हे गृहस्थ १८४० साली लंडनला पोचले आणि १८५३ साली परत आले. तेरा वर्षं. आज एखाद्या राजदूताची नेमणूक तीन वर्षांची असते आणि तेवढ्यात तो घराची आठवण काढतो.

आमचं आजचं भांडण इंग्रजांशी नाही. ते भांडण भांडायला आमच्याहून मोठी माणसं होऊन गेली. आमचं भांडण आहे ते रंगो बापूजींबद्दल मराठीत जे लिहिलं गेलं आणि त्यातून आपण जे उचललं, त्याच्याशी. आपण या माणसाला स्वामिनिष्ठ सेवक केलं, हुतात्म्याचा बाप केलं, सत्तावनच्या कटातला एक दुवा केलं. त्यांनी तेरा वर्षं जे काम केलं, ते मात्र आपण वाचलंच नाही. ते काम मुत्सद्द्याचं होतं. त्याला मुत्सद्देगिरीच्या कसोटीवर घासलं पाहिजे, म्हणजे त्यात कस कुठं आहे आणि हिणकस कुठं आहे तेही दिसेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपण आज राहू बेटात बसलोय. इथून भीमेच्या काठानं वर गेलं की कोरेगाव भीमा लागतं. १ जानेवारी १८१८ ची तिथली लढाई सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यावर आज बोलायचं नाही. त्या लढाईतला एक बारीक प्रसंग तेवढा सांगतो. ग्रँट डफनं तो टिपून ठेवलाय. लढाई चालू असताना कोरेगावपासून सुमारे दोन मैलांवर एका उंचवट्यावर दुसरे बाजीराव आणि त्यांच्या शेजारी छत्रपती प्रतापसिंह बसले होते. छत्रपतींच्या डोक्यावर आबदागीर धरलं होतं. बाजीराव घाबरले आणि म्हणाले की ते खाली घ्या, नाहीतर इंग्रज त्यातून तोफेचा गोळा घालतील. डफ पुढं सातारला रेसिडेंट होता, राजांच्या रोजच्या उठण्याबसण्यातला होता. हा किस्सा त्यानं बहुधा राजांच्याच तोंडून ऐकला असावा. राजे त्या वेळी पंचविशीच्या आतले. राज्याचे धनी, पण लढाई दुसऱ्याची, निर्णय दुसऱ्याचा, आणि आपल्या डोक्यावरचं आबदागीर ठेवायचं की उतरवायचं तेही दुसरा सांगणार. लहान राज्य म्हणजे काय हे यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही. लहानपण नुसतं मुलखाच्या मापावर ठरत नाही.

पुढं फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टननं त्याआधीच जाहीरनामा काढून ठेवला होता की छत्रपतींना त्यांच्या इतमामाला शोभेल असं राज्य देऊ. एप्रिलमध्ये त्यांना सातारच्या गादीवर बसवलं आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. नीरेपासून वारणेपर्यंत आणि सह्याद्रीपासून पंढरपूरच्या भीमेपर्यंतचा मुलूख. मराठे तेव्हा हरले होते आणि मराठी सरदार बिथरलेले होते. त्यांना शांत करायला कंपनीला गादीवर छत्रपती हवे होते. म्हणजे हे राज्य मुळात शांतता राखण्यासाठीच उभं केलेलं राज्य. फक्त शांतता म्हणजे काय आणि ती मोडली कधी म्हणायची, हे ठरवण्याचा अधिकार एकाच बाजूकडे होता.

तो तह मुळातून वाचण्यासारखा आहे. पहिल्या कलमात म्हटलंय की हा मुलूख महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमच्या सार्वभौम हक्कानं दिला. वाचणाऱ्याची छाती फुगते. दुसऱ्या कलमात येतं की महाराज हे राज्य इंग्रज सरकारशी दुय्यम सहकार्यानं चालवतील आणि सर्व बाबतींत रेसिडेंटचा सल्ला मानतील. आणि पाचवं कलम तर या सगळ्याची मेख. महाराजांनी परक्या सत्तांशी, तसंच आपल्या ताब्यात नसलेल्या सरदार-जहागीरदारांशी, कुणाशीही परस्पर संबंध ठेवायचा नाही. काही बोलायचं झालं तर रेसिडेंटमार्फत. ही या कराराची मूळ अट आहे आणि ती मोडली तर करारानं मिळालेलं सगळं जाईल.

आता बघा. ज्या राज्याला पत्र लिहायची बंदी आहे, त्याला परराष्ट्रनीती उरते कुठं? शेजारच्या संस्थानिकाला दसऱ्याचं सोनं पाठवलं तरी कुणीतरी म्हणू शकतो की पाचवं कलम मोडलं. राजांनी पहिलं कलम मनात धरलं आणि कंपनीनं पाचवं. दोघांनीही एकच कागद हातात धरला होता.

आमच्या मते प्रतापसिंह महाराजांची चूक इथं आहे, आणि मराठी लेखकांनी ती फार हळूच, जवळजवळ न बोलता ओलांडली. महाराजांनी तहाला दोस्ती समजलं. एल्फिन्स्टनशी, डफशी, ब्रिग्जशी त्यांचं चांगलं जमलं. ते रोज रोजनिशी लिहायचे, कारभार स्वतः बघायचे, साताऱ्यात त्यांनी शाळा काढली, रस्ते केले, शहराला पाणी आणलं. कंपनीच्या डायरेक्टरांनी १८३५ साली त्यांच्या कारभारावर खूष होऊन रत्नजडित तलवार द्यायचं ठरवलं. म्हणजे माणसं खूष होती. पण माणसं बदलली की काय? तलवार मुंबईपर्यंत आली आणि मुंबई सरकारनं ती महाराजांना दिलीच नाही. ती कधीच दिली गेली नाही.

बिघडायचं कारण तसं जमिनीचंच होतं, जसं आपल्याकडे नेहमी असतं. भोरचे पंतसचिव, औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, अक्कलकोटचे भोसले, जतचे डफळे, वाईचे शेख मिरा, असे जहागीरदार तहानं सातारच्या छत्राखाली ठेवले होते. यांच्यातला कुणी निपुत्रिक गेला तर जहागीर कुणाची? महाराज म्हणाले, आमची. मुंबई सरकार म्हणालं, बघू. महाराजांनी लंडनकडे दाद मागितली आणि गंमत म्हणजे लंडनचा कौल महाराजांच्या बाजूनं पडला. तो मुंबईनं बासनात बांधून ठेवला. इथं महाराजांना एक गोष्ट कळली, आणि ती बरोबर कळली: कंपनी ही एक वस्तू नाही. मुंबई वेगळी, कलकत्ता वेगळी, लंडनमध्ये डायरेक्टर वेगळे, त्यांच्यावरचं सरकारी बोर्ड वेगळं, पार्लमेंट आणखी वेगळं. मोठ्या सत्तेच्या पोटात अशा भेगा असतात, आणि लहानाची मुत्सद्देगिरी बहुतेक वेळा त्या भेगांतूनच चालते.

मुंबईला हे सहन होणारं नव्हतं. १८३६ साली आरोप निघाले. पलटणीतले सुभेदार फितवल्याचा एक. नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचा दुसरा. आणि गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी, दों मानुएलशी, फौजेसाठी पत्रव्यवहार केल्याचा तिसरा. दों मानुएलनं नंतर हे साफ नाकारलं. मराठ्यांच्या राज्याला मदत म्हणून पोर्तुगीज फौज सातारवर उतरणार, आणि तेही १८३० च्या दशकातल्या पोर्तुगालची! त्या देशात स्वतःच्याच घरात यादवी माजली होती. पण आरोपाला अक्कल लागत नाही, कलम लागतं, आणि पाचवं कलम तयारच होतं.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्याला आला. त्यानं एक कागद पुढं केला. तहाच्या अटी मोडल्या हे मान्य करून सही करा, पुढं नीट वागायचं वचन द्या, मागचं सगळं माफ. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांना वाड्यातून काढलं, धाकटे भाऊ आप्पासाहेब यांना गादीवर बसवलं आणि थोरल्या महाराजांची रवानगी काशीला झाली.

हा प्रसंग आपल्याकडे कसा सांगितला जातो ते माहीत आहे. ताठ मान, बाणेदार उत्तर, टाळ्या. आम्ही त्या बाण्याला कमी लेखत नाही. पण जरा वकिलाच्या बाजूनं बघा. महाराजांनी सही केली असती तर गादी राहिली असती आणि दावा संपला असता. कबुलीजबाब दिल्यावर लंडनमध्ये उभं राहून काय बोलणार? सही न केल्यामुळे गादी गेली, पण चौकशी न करता, आरोपीला पुरावा न दाखवता, बाजू ऐकून न घेता शिक्षा दिली, हा मुद्दा शाबूत राहिला. रंगो बापूजींकडे तेरा वर्षं जे भांडवल होतं ते एवढंच. आमचा अंदाज असा की महाराजांना हे कळत होतं. त्यांनी पदच्युतीच्या आधीच मीर अफझल अलींना वकील म्हणून विलायतेला पाठवलेलं होतं. ज्याला नुसतं बाणेदारपणे हरायचं असतं तो आधी वकील पाठवत नाही.

आता लंडन. इथं जरा रेंगाळू, कारण इथंच मराठी लेखन सर्वांत घाईत असतं.

रंगो बापूजी रोहिडखोऱ्यातले, शिवाजी महाराजांच्या वेळच्या दादाजी नरसप्रभूंच्या घराण्यातले. पागोटं, अंगरखा घालून हा माणूस लेडनहॉल स्ट्रीटच्या इंडिया हाउसमध्ये जायला लागला. कंपनीचे भागधारक असत, त्यांच्या सभा भरत. हजार पौंडांचा भाग असला की मत मिळायचं. या सभांतून सातारचं प्रकरण पुन्हा पुन्हा उभं राहिलं. रंगो बापूजींनी निवेदनं छापली, वाटली, डायरेक्टरांना लिहिलं, त्यांच्या वरच्या बोर्डाला लिहिलं, पार्लमेंटातल्या माणसांचे उंबरे झिजवले. जोसेफ ह्यूम हा खर्चाच्या पैपैचा हिशेब मागणारा खासदार त्यांच्या बाजूनं उभा राहिला. गुलामगिरीविरुद्ध भाषणं करून नाव कमावलेला जॉर्ज थॉम्प्सन सातारसाठी तास तासभर बोलला. आणि सर्वांत मोलाचा साक्षीदार मिळाला तो लॉडविक. हा सातारचा माजी रेसिडेंट. १८३६ च्या ज्या गुप्त चौकशीनं महाराजांना दोषी ठरवलं, तिच्यात हा स्वतः बसला होता. तोच पुढं लंडनमध्ये उठून म्हणाला की महाराजांवर अन्याय झाला.

विचार करा. राज्य गेलेलं, राजा कैदेत, पैसा आटत चाललेला, भाषा परकी, आणि विरुद्ध बाजूचा न्यायाधीशच आपला साक्षीदार करून दाखवायचा! ही कसलेल्या मुत्सद्द्याची कमाई आहे. यावर मराठीत एखादं नाटक नसेना का, निदान चार नीट परिच्छेद तरी असावेत?

सावरकरांच्या सत्तावनवरच्या ग्रंथात रंगो बापूजी येतात ते मुख्यतः अझीमुल्ला खानाच्या भेटीसाठी. सातारचा वकील आणि नानासाहेबांचा वकील लंडनमध्ये भेटतात आणि अर्ज संपून तलवारीची भाषा सुरू होते, असं ते दृश्य आहे. दृश्य जबरदस्त आहे, यात वाद नाही. पण त्या एका भेटीच्या उजेडात मागची सगळी वर्षं अंधारात जातात. जणू अर्जविनंत्या म्हणजे नुसती वाया गेलेली उमेदवारी, खरं काम नंतरचं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी रंगो बापूजींवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं आणि त्याआधी 'हिंदवी स्वराज्याचा खून' ही पुस्तिका. त्यांनी कष्टानं माहिती गोळा केली, ही माहिती मराठी माणसापर्यंत पोचली ती मुख्यतः त्यांच्यामुळे, आणि त्यांची लेखणी अशी की हातातून पुस्तक सुटत नाही. पण त्यांना खलनायक हवा होता आणि तो त्यांना घरातच सापडला: बाळाजीपंत नातू आणि त्यांच्या भोवतीची मंडळी. नातूंनी कंपनीची चाकरी केली, इनामं घेतली, हे खरंच आहे. मात्र सगळं नातूंवर ढकललं की पाचवं कलम निर्दोष सुटतं. घरभेदी नसता तरी तो तह तसाच होता. हैदराबादला, अवधला, नागपूरला नातू कुठं होते?

बामनदास बसूंनी १९२२ साली इंग्रजीत सातारची कहाणी लिहिली, तिच्यात कागदपत्रं जास्त आणि आरडाओरडा कमी. पण तीही खटल्याची बाजू मांडणारी. वकिलाचा हिशेब मांडणारी नाही.

मग तो हिशेब काय? रंगो बापूजी का हरले? आमचं उत्तर सरळ आहे. ते ज्या ज्या दारात गेले ते प्रत्येक दार प्रतिवादीच्याच घराचं होतं. मुंबईवर तक्रार डायरेक्टरांकडे, डायरेक्टरांवर तक्रार भागधारकांकडे, आणि भागधारकांचा लाभांश येणार कुठून, तर त्याच मुलखाच्या वसुलातून. मुळा-मुठेच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या तुम्हा मंडळींना हे समजावून सांगायची गरज नाही. पुण्याचं पाणी इथं राहूपर्यंत कसं होऊन येतं ते तुम्ही रोज बघता, आणि त्याबद्दल दाद मागायची तर वर पुण्यालाच जावं लागतं. ऐकून घेणारे असतात, चहाही देतात.

१८४७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रतापसिंह महाराज काशीला वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेबही गेले, जाताना दत्तक घेऊन. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यानं दत्तक मानावा असं लिहिलं. पहिल्या कलमातले 'वारस आणि उत्तराधिकारी' हे शब्द पुन्हा टेबलावर आले. डलहौसीनं उलट वाचन केलं आणि सातारा खालसा झालं. त्याच्या खालसा धोरणाचा हा पहिला घास. यानंतरही रंगो बापूजी पाच वर्षं लंडनमध्येच होते. राज्यच उरलं नाही त्याचा वकील! राण्यांच्या वतीनं, दत्तकाच्या वतीनं लिहीत राहिले. परत आले, आणि १८५७ साली साताऱ्याच्या गेंडामाळावर ज्या सतरा जणांना देहदंड झाला, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. ते स्वतः हाती लागले नाहीत. हा भाग आपल्याला पाठ आहे, म्हणून इथं थांबत नाही.

तिसरा पक्ष हवा होता. त्या काळी तो जगात नव्हताच. ना हेगचं न्यायालय, ना जिनिव्हा, ना न्यूयॉर्क. तिसरा पक्ष असला म्हणजे काय होतं, याची एक मराठी आठवण आहे. १९५३ साली कोरियात युद्धबंदी झाली आणि मायदेशी परत न जाणाऱ्या बावीस हजारांहून जास्त कैद्यांचं काय करायचं, यावर सगळं अडलं. तेव्हा पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला: स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्षपदी भारताचे जनरल थिमय्या. कैद्यांवर पहारा करायला भारताची फौज गेली, तिचे सेनापती आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या सिंगमन री यांनी सांगितलं की भारतीय शिपायाचा पाय आमच्या भूमीला लागता कामा नये. म्हणून जहाजावरून हेलिकॉप्टरनं उचलून ही फौज थेट निर्लष्करी पट्ट्यात नेली. तिथं दोन्ही बाजू थोरातांवर चिडायच्या. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले, बोलले, आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. दोन्हीकडून शिव्या खाणं हा तिसऱ्या पक्षाचा पगार असतो. सातारच्या छावणीतल्या कंपनीच्या पलटणीला कुणी तटस्थ म्हणालं असतं का?

आणि आता एक उदाहरण, जे आम्हाला सातारच्या अगदी शेजारी ठेवावंसं वाटतं. रंगो बापूजी लंडनमध्ये अर्ज लिहीत होते त्याच वर्षांत मुंबई बंदरातून कोकणातली, घाटावरची मराठी माणसं गिरमिटावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत जात होती. त्यांचे वंशज आजही तिथं गणपती बसवतात. ते मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झालं, पण त्याआधीच, १९६५ साली, ब्रिटननं चागोस बेटं त्यापासून तोडून ठेवली आणि त्यातल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला. मॉरिशस केवढं? आपल्या पुणे जिल्ह्याच्या सातव्या भागाएवढंही धड नाही. लष्कर म्हणावं असं लष्कर नाही. पण त्यानं आफ्रिकेतल्या देशांना बरोबर घेतलं, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेमार्फत प्रश्न हेगला नेला, आणि २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयानं तेरा विरुद्ध एक असं मत दिलं की बेटं तोडणं बेकायदा होतं. तीन महिन्यांनी आमसभेत ब्रिटनविरुद्ध ११६ मतं पडली, बाजूनं फक्त सहा. ते मत सल्ल्याचं होतं, बंधनकारक नव्हतं, लंडननं आधी ते उडवून लावलं. तरी मे २०२५ मध्ये त्याच लंडनला बेटांवरचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही करावी लागली. दिएगो गार्सियाचा तळ मात्र नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं ब्रिटनकडे ठेवून.

रंगो बापूजींची हत्यारं आणि मॉरिशसची हत्यारं यांत फारसा फरक नाही. तहाचा कागद, छापील निवेदन, विरुद्ध बाजूच्या पोटातली भेग, आणि दम. फरक त्या ११६ हातांचा. एकटं सातारा हे करू शकत नव्हतं, कारण पाचव्या कलमानं त्याला दुसऱ्या कुणाचा हात धरायलाच मनाई केली होती. म्हणून आम्ही म्हणतो की ते कलम म्हणजेच सगळी गोष्ट. लहानाला एकटं पाडलं की बाकीचं आपोआप होतं.

पण इथं सगळं गोड करून उठायचं नाही. चागोसचे मूळ रहिवासी, ज्यांना १९६८ ते १९७३ मध्ये बेटांवरून उचलून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन टाकलं, त्यांतले बरेच जण २०२५ च्या करारावर नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, दोन सरकारं बोलली, आम्हाला कुणी विचारलं? लंडनसमोर लहान असलेलं मॉरिशस त्यांच्यासमोर मोठं आहे.

सातारच्या गोष्टीत ही बाजू आपण कधी पाहिलीच नाही. भोर, औंध, फलटण, जत यांच्या दृष्टीनं सातारा ही वरची सत्ता होती, आणि निपुत्रिक जहागीरदाराची जहागीर आपल्याकडे घ्यायची, हा महाराजांचा दावा त्यांच्या कानाला कसा लागला असेल? डलहौसीनं सातारला जे सांगितलं त्याचीच ती धाकटी आवृत्ती. आणि रयत? नीरा ते वारणेच्या मुलखातल्या कुणब्याला गादीवर थोरले महाराज असावेत की धाकटे, हे विचारल्याची नोंद रंगो बापूजींच्या निवेदनांत नाही, कंपनीच्या बाडांत नाही आणि प्रबोधनकारांच्या पुस्तकातही नाही. हा दोष एकट्या रंगो बापूजींचा नाही, त्या काळी वकिली राजाचीच होत असे. पण आपण आजच्या काळात लिहिताना तरी हा प्रश्न विचारायला हवा होता.

सत्तावननंतर राणीच्या जाहीरनाम्यात तह पाळण्याचं वचन आलं आणि पुढं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. म्हणजे जो मुद्दा रंगो बापूजी लंडनमध्ये हरले, तो तत्त्व म्हणून मान्य झाला, सातारा सोडून बाकी सगळ्यांसाठी. ज्या जहागिरींवरून महाराजांचं मुंबईशी बिनसलं, त्यांतल्या भोर, औंध, फलटण, जत, अक्कलकोट या पुढं संस्थानं म्हणून १९४८ पर्यंत टिकल्या. त्यांतल्या औंधनं जानेवारी १९३९ मध्ये, प्रतापसिंह महाराजांना वाड्यातून काढल्याला शंभर वर्षं होत आली असताना, राजाचे अधिकार कागदावर लिहून आपल्या बहात्तर गावांच्या पंचायतींच्या हाती दिले. भवानराव पंतप्रतिनिधी ते स्वखुशीनं करायला तयार झाले, गांधीजींनी त्याला हात लावला. तो कागद आणि १८१९ चा तह एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचा. तहात 'रेसिडेंट' हा शब्द जिथं जिथं येतो, तिथं तिथं औंधच्या कागदात काय येतं, एवढंच बघा. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आम्ही बसलोय.